जुन्या दोरीचें टोंक

गतवर्षीं मुंबई बंदरांत चिरंजीवांच्या शिडाच्या होडीवर जाण्याचा योग आला. शिडाची खालची कड ताणून धरणारा आडवा पोकळ दांडा, त्यास बूम म्हणतात. वारा वाढला म्हणजे शीड आखडण्याची दोरी त्याच्या पोटांतून जाते. ती झिजली होती. उत्साहाच्या भरांत आम्हीं ती ओढून काढली! चिरंजीव हंसून म्हणाले, “नाना, आधीं नव्या दोरीचें टोंक जुन्या टोंकास भिडवून शिवावें, वर दोरा सपाट गुंडाळावा, म्हणजे कप्पींत अडकत नाहीं. मग जुनी ओढली कीं तिच्यामागें नवी येते.” आतां तार घालून वाट शोधण्यांत दुपार गेली.

वडिलांकडून मिळालेली ऋग्वेदाची संथा आम्हीं चिरंजीवांस दिली नाहीं. शाळेच्या व्यापांत राहून गेलें. तेथें तार कोठून आणावी?