उसना कंठ

पंचवटी, नाशिक
चैत्र शुद्ध द्वादशी

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवाच पोचले; परंतु काल एकादशीचे रामरथ आणि गरुडरथ निघाले, घर पाहुण्यांनी भरले, गुलालाच्या धुरळ्याने माझ्याही छातीने आपली जुनी कैफियत मांडावयास आरंभ केला, आणि उत्तर एक दिवस लांबले. बातम्या वाचताना तुला दम लागला, एक वाक्य अर्ध्यावर तुटले, आणि त्यानंतर तुझी बदली ध्वनिक्षेपकासमोरून लेखनाच्या टेबलाकडे झाली, इतके समजले. मजकूर तू लिहावयाचा आणि तो दुसरीच्या तोंडून ऐकावयाचा, ही मानहानी सोसण्यापेक्षा राजीनामा बरा, असे तू म्हणतेस. सल्ला देण्याच्या भरीस मी पडत नाही. एका माणसाची हकिकत तेवढी सांगतो.

जॉर्ज ऑर्वेल हा ग्रंथकार म्हणून तुला ठाऊक आहेच. 1903 साली बिहारात मोतीहारीस जन्मलेला, अफू खात्यातील एका अंमलदाराचा हा मुलगा ऑगस्ट 1941 मध्ये बीबीसीच्या हिंदुस्थानसाठी चालणाऱ्या विभागात रुजू झाला, तेव्हा त्याचे शरीर प्रक्षेपकाच्या हुद्द्यास सर्वथा प्रतिकूल होते. स्पेनच्या यादवीत, 20 मे 1937 रोजी, गोळी गळ्यातून आरपार गेल्याने त्याचा स्वर क्षीण व सपाट झाला होता. पुढल्याच वर्षी खोकल्यातून रक्त पडू लागल्याने कित्येक महिने आरोग्यधामात काढावे लागले होते. आणि सैन्यात जाण्याची इच्छा असूनही वैद्यकीय तपासणीने त्यास नापसंत केले होते. त्याचा आवाज मुळातच प्रक्षेपणास अयोग्य आहे, असे एका वरिष्ठाने 1943 च्या आरंभी लेखी कळविल्याची नोंद आहे. आज त्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही.

परंतु त्याच्या इंग्रजी वार्तापत्रांचे भाषांतर होऊन ती आपल्या मराठीतून लंडनहून प्रक्षेपित होत, आणि तेथे मराठीतून बोलणाऱ्यांत कोल्हापूरकडील शिरोळच्या वेणू चितळे होत्या! 1934 च्या सुमारास विलायतेस गेलेल्या या बाईंनी ऑर्वेलची साहाय्यक म्हणून काम केले, लढाईच्या टंचाईत इंग्रज गृहिणींना शाकाहारी पाककृती सांगितल्या, आणि स्वदेशी परतल्यावर 1950 साली 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. पुण्याच्या एका ब्राह्मण घराण्यातील तीन पिढ्यांची ती कथा मराठी वाचकांच्या विस्मरणात जावी, याची मला खंत वाटते. वार्तापत्रांच्या मजकुरावर धोरणाच्या व सुरक्षिततेच्या दृष्टीने मंजुरीचे शिक्के पडल्यावाचून तो ध्वनिक्षेपकापर्यंत पोचत नसे, आणि प्रक्षेपण चालू असता बटणावर बोट ठेवून एक पहारेकरी बसलेला असे. दुखऱ्या गळ्याच्या माणसाचे शब्द इतके उंबरठे ओलांडून, परक्या भाषेत शिरून, एका मराठी बाईच्या निरोगी कंठातून इकडे येत. त्यातून त्या काळी हिंदुस्थानात मुळात रेडिओ-संच किती थोडे! दोन वर्षे वाया गेली, असे त्याचे स्वतःचे मत झाले व नोव्हेंबर 1943 मध्ये त्याने ती नोकरी सोडली.

मला मात्र ती दोन वर्षे वाया गेली असे वाटत नाही. दुसऱ्याच्या श्वासाचा हिशेब ठेवून लिहिणाऱ्याच्या लेखणीस एक निराळीच शिस्त लागते. (हे मी अशा लांबलचक वाक्यांतून सांगतो, याचे तुला हसू येईल.) नोकरी सोडताच काही महिन्यांत त्याने 'ॲनिमल फार्म' लिहून पुरे केले. क्षयाचे निश्चित निदान 1947 च्या अखेरीस झाले. पुढील वर्षी अमेरिकेहून आणविलेले स्ट्रेप्टोमायसिन त्याच्या प्रकृतीस मानवले नाही. तरीही अंथरुणात बसून त्याने शेवटची कादंबरी स्वतः टंकलिखित केली. जानेवारी 1950 मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

तू पत्रासोबत पाठविलेला बातम्यांच्या मजकुराचा नमुना दोनदा मोठ्याने वाचून पाहिला. दुसऱ्या परिच्छेदातील 'निर्यातक्षम द्राक्षबागायतदारांच्या' या शब्दांपाशी मला खोकला आला, आणि शिवाय निर्यातक्षम द्राक्षे असतात, बागायतदार नव्हेत. वाचणाऱ्या त्या मुलीची दया कर. तेथे 'परदेशी द्राक्षे पाठविणाऱ्यांच्या' असे लिही. तिचे वाचन किती वाजता असते ते उलट टपाली कळव. रेडिओत नवे सेल घालून ठेवतो.

तुझा,
मामा