कुलूपबंद घरांची मोजणी

पूर्णगड,
ता. जि. रत्नागिरी

चि. बायोस,


बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्राचा प्रकल्प, विषय गावातलं स्थलांतर आणि पद्धत आकडेवारीची, हे वाचून मनापासून आनंद झाला.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया निघाल्या. मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. यावरून कोकणात मुली जास्त जन्मतात असं कोणी म्हणेल, तर त्याने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा तक्ता उघडावा. तिथे रत्नागिरीतही मुली हजाराच्या आतच आहेत. फरक पडतो तो कमावत्या वयात, पुरुष मुंबईची वाट धरतात तेव्हा. शिवाय ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, शिमग्याच्या आधी. भाद्रपदात हीच घरं चाकरमान्यांनी भरून जातात.

त्यामुळे ‘घरात माणसं किती?’ हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना कुटुंब धरते. गोरेगावात राहून दरमहा पैसे धाडणारा मुलगा त्यात बसत नाही, पण घर त्याच्याच जिवावर चालतं. संशोधकाने दोन रकाने करावेत: इथे राहणारे आणि बाहेरून घर चालवणारे. नियम आधी लिहून ठेवावा आणि शेवटच्या घरापर्यंत तोच लावावा.

घरं निवडताना आणखी जपावं लागतं. मुचकुंदी नदीच्या मुखाशी, बंदरावर भेटतील त्यांनाच विचारलं, तर मासेमारीवरची कुटुंबंच जास्त येणार. त्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीतून दर पाचवं घर घ्यावं. एखादं बंद निघालं की शेजारचं घ्यायचा मोह होतो. अभ्यास फसतो तो तिथेच! बायकापोरांसह कायमची गेलेली कुटुंबं नेमकी त्या कुलपाआड असतात. किल्ली कोणाकडे, दार कधी उघडतं, हे शेजाऱ्यांना विचारून टिपावं आणि अशा घरांचा आकडा अहवालात स्पष्ट द्यावा.

काटेकोर नोंदी पुढच्यांच्याही कामी येतात. गोखले संस्थेने १९४२मध्ये पाहिलेल्या देशावरच्या सुगाव गावाचा १९८२पर्यंतचा बदल हेमलता दांडेकरांना ‘मेन टू बॉम्बे, विमेन ॲट होम’ या पुस्तकात मांडता आला, कारण जुनी पाहणी हाताशी होती.

प्रश्नावलीचा कच्चा खर्डा पाठव. नदीपलीकडे गावखडीत चार घरी विचारून बघू. लोक कुठे अडखळतात ते कळलं की मगच छापायला दे.

तुझी,
आत्या