स्टॉपरची जागा

शाळेच्या फुटबॉल संघात येणाऱ्या प्रत्येकाला फॉरवर्ड व्हायचं असायचं. मला सरांनी आठवीत स्टॉपरला उभं केलं आणि दहावीपर्यंत मी तिथून हललो नाही. ती जागा मला मनापासून आवडायची. सगळा खेळ समोर दिसतो, पाठीशी फक्त गोलकीपर. ओरडायचं कामही आपलंच: ‘लेफ्ट बघ’, ‘सोड त्याला’, ‘बाहेर काढ!’

ही नव्वदीच्या दशकाच्या मधली, नवी मुंबईतली गोष्ट. लोकल वाशीला आली १९९२ मध्ये, महापालिकाही त्याच वर्षी झाली. सिडकोच्या वसाहतींत सतत कुणाचं तरी सामान उतरत असायचं. आमच्या जिन्यात साताऱ्याकडचे माथाडी कामगार होते, वर केरळचं कुटुंब, समोर मंगळूरचं. आम्ही मराठी मुलं टेनिस बॉलवर क्रिकेट खेळायचो. फुटबॉल शिकलो तो या शेजाऱ्यांच्या पोरांकडून. कोल्हापुरात पाटाकडीलचा किंवा खंडोबाचा पोरगा कळायला लागल्यापासून आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा असतो. आमच्या शहराला असं जुनं काही नव्हतंच. ‘तू कुठला?’ या प्रश्नाला मला पहिलं खरं उत्तर मिळालं ते शाळेच्या जर्सीमुळे.

सुब्रतो कपचे सामने ऐन पावसाळ्यात. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे. जिल्हा, विभाग, राज्य जिंकत गेलं की दिल्ली. दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम आम्ही फक्त फोटोत पाहिलं होतं, पण सरावाला त्याचं नाव रोज निघायचं. आमचं मैदान मुरमाचं. पाऊस पडला की गोलसमोर तळं साचायचं, चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा आणि हेड मारला की कपाळ रात्रीपर्यंत हुळहुळायचं. सर छत्री घेऊन साइडलाइनला उभे असत. त्यांचं एकच पालुपद: समोरच्याच्या पायाकडे बघू नकोस, कमरेकडे बघ. पाय फसवतात, कंबर फसवत नाही. घाईने आडवं पडायचं नाही, त्याला कडेला ढकलत न्यायचं. विभागात आम्ही पेनल्टीवर हरलो. त्या सामन्यातला एक टॅकल मात्र आजही माझ्या पायात आहे. त्यांचा विंगर आत वळला, मी त्याच्याआधी चेंडूला लागलो, तो तसाच पुढे धावत गेला आणि चेंडू माझ्याकडे राहिला.

२५ ऑक्टोबर २०१७ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य लढत होती, माली विरुद्ध स्पेन. आमचा शाळेतला लेफ्ट बॅक शेजारी बसला होता. मालीच्या डुकुरेचा लांबून मारलेला फटका बारला लागून गोलरेषेच्या आत पडला, तरी गोल दिला गेला नाही. आम्ही दोघं एकाच क्षणी उठून ओरडलो. स्पेनने ३-१ ने सामना जिंकला. लोक आबेल रुईझच्या दोन गोलांबद्दल बोलत बाहेर पडत होते. आम्ही स्टेशनपर्यंत बोलत होतो ते स्पेनची मागची फळी एकत्र कशी पुढे सरकते, याबद्दल.

आता नोडानोडांत टर्फ झालीत, तासावर भाड्याने. मुलं खेळतात याचा मला आनंदच आहे. पण पाच-पाच जणांच्या त्या खेळात बहुतेकदा ऑफसाइड नसतो, चेंडू जाळीवर आपटून परत येतो. लाइन धरायला तिथे कोण शिकणार? त्यासाठी पूर्ण मैदान लागतं, अकरा जण लागतात, आणि मैदानाला कुलूप नसावं लागतं. सिडकोने आखलेल्या या शहरात मोकळी मैदानं आहेत. ती शाळेच्या वेळेनंतर मुलांना मिळालीच पाहिजेत.

आमच्या वेळी शाळेत मुलींचा संघच नव्हता. ३० ऑक्टोबर २०२२ ला त्याच स्टेडियमवर मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत पाहायला मी भाचीला नेलं. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं, तेही शेवटच्या दहा मिनिटांतल्या स्वयंगोलामुळे. “मामा, त्या मुलीची चूक होती का?” भाचीने परतताना विचारलं. मी तिला सांगितलं, गोलसमोर जो उभा असतो त्यालाच चेंडू लागतो. ती तिथे होती, कारण तिथे असणं हे तिचं काम होतं. भाची आता शाळेकडून खेळते. तिने स्टॉपरचीच जागा मागून घेतली. रविवारी सकाळी आम्ही दोघं कॉर्नरचा सराव करतो.