अंधारीतलं संगीत

'डंजन सिंथ' हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला ते एखाद्या खोकल्याच्या औषधाचं वाटलं होतं. डंजन म्हणजे किल्ल्यातली अंधारकोठडी आणि सिंथ म्हणजे सिंथेसायझर. कोठडीत बसून वाजवलेली पेटी म्हणा ना!

हा प्रकार मूळचा नॉर्वेकडचा. तिथे १९९० नंतरच्या काळात ब्लॅक मेटल नावाचं अतिशय कर्कश संगीत वाजवणारी तरुण पोरं होती. त्यांच्यातला 'एम्परर' या बँडचा एकजण बाहेर पडला, मॉर्टिस असं नाव घेतलं, लांब नाकाचा नि टोकदार कानांचा मुखवटा चढवला आणि १९९४ साली एकट्याने नुसत्या कीबोर्डवर एक अल्बम काढला. दोनच तुकडे, प्रत्येक जवळजवळ अर्ध्या तासाचा. गाणं नाही, गिटार नाही. तेच चार सूर पुन्हा पुन्हा येत राहतात, जसा एखादा माणूस रिकाम्या वाड्यात या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. अशा संगीताला 'डंजन सिंथ' हे नाव मात्र बऱ्याच उशिरा, २०११ च्या सुमारास रूढ झालं.

तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या बाईंना हे कुठून कळलं? नातवाकडून. तो हे संगीत करतो. एकटाच करतो. माळ्यावर पडलेला जुना कीबोर्ड त्याने खाली काढला, एक कॅसेट रेकॉर्डर कुठूनसा मिळवला, आणि रात्री सगळे झोपले की तो वाजवतो. रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत सूंऽऽ असा आवाज येतो. मी म्हटलं, "अरे, मशीन बिघडलंय का?" तर म्हणाला, "आजी, तो आवाज हवाच." या मंडळींना झकपक स्टुडिओ नको असतो. धूळ बसलेली, जुनी वाटणारी ध्वनिफीत हीच त्यांची खूण.

मला यात एक गंमत वाटते. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. कारण काय, तर तिच्यातून मींड निघत नाही, सूर सुटे सुटे पडतात. पेटीचा जो दोष सांगितला गेला, तोच या लोकांनी गुण मानला. ताठ, सरळ सूर. खोटी तुतारी, खोटं वृंदगान, आणि ते खोटं आहे हे लपवायचंही नाही. शाळेत मी कितीतरी वर्षं प्रार्थनेला पेटी वाजवली, त्यामुळे कान थोडा तयार आहे. त्याच्या एका तुकड्यात कोमल रिषभ ऐकला आणि म्हटलं, "ही तर भैरवीची सप्तक दिसते." तो म्हणाला याला फ्रिजियन म्हणतात. म्हणोत बापडे!

आता एक गोष्ट मला खटकली आणि ती मी त्याला विचारलीच. या संगीताच्या कुळकथेत व्हार्ग विकर्नेस नावाचा माणूस आहे. सोबतच्या एका वादकाचा त्याने १९९३ साली खून केला. त्यासाठी आणि चर्च जाळल्याबद्दल त्याला १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात गिटार वगैरे मिळेना, म्हणून त्याने सिंथेसायझरवर एक अल्बम केला. तो १९९७ ला आला आणि अनेकजण त्याला या प्रकारातला महत्त्वाचा मानतात. शिवाय त्या माणसाचे वंशद्वेषाचे विचार जगजाहीर आहेत. अशा घराण्यात आपलं पोर कशाला? नातू शांतपणे म्हणाला, "मी त्याचं ऐकत नाही. आणि द्वेष पसरवणाऱ्यांना इथे जागा नाही, असं आमच्यातले पुष्कळजण उघड लिहितात." पुष्कळजण, सगळे नव्हे. उत्तर प्रामाणिक होतं, पण माझं पूर्ण समाधान झालं आहे असं नाही.

त्याने केलेला मोठा तुकडा दौलताबादच्या अंधारीवर आहे. लहानपणी माझ्याबरोबर त्या भुयारी वाटेने चढला होता. वटवाघळांचा वास, वाटाड्याच्या हातातला पलिता, तो विझला की अंगावर येणारा काळोख. बावीस मिनिटं तो काळोख ऐकू येतो. शेवटाला उजेड येईल असं वाटतं, पण येत नाही. मला तो आवडला, आणि आजी म्हणून नव्हे.

हा तुकडा त्याने घरात कुणालाही ऐकवण्याआधी दूरदेशीच्या ऐकणाऱ्यांना पाठवला, तोही टोपणनावाने. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू? पण नातू बोलताना अडखळतो. लहानपणापासून. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की पोटात दुखायचं त्याचं. अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या वह्या मागच्या पानांवर भरलेल्या असतात. घरातल्या माणसाला ऐकवायचं तर समोर बसून चेहरा बघावा लागतो, वर "कसं वाटलं?" असं विचारावं लागतं. परक्या ऐकणाऱ्याला फक्त सूर पोचतात. आणि टोपणनावाचं म्हणाल तर केशवसुत, बालकवी, कुसुमाग्रज शिकवण्यात माझा जन्म गेला. मी काय नावं ठेवणार?

ऐकणाऱ्यांनी उगाच कौतुक केलं नाही. एकाने लिहिलं, दुसरा भाग फार रेंगाळतो. एकाने विचारलं, ही वाट खरोखर आहे का? जर्मनीतला एकजण म्हणाला, मी याच्या तीस कॅसेट काढतो, पण आधी फोनवर बोलू. नातू दोन दिवस जेवला नाही धड. मग त्याने लिहून कळवलं की मला बोलायला जमत नाही, लिहूनच चालेल का? उत्तर एका ओळीचं आलं: चालेल, मलाही फोन आवडत नाही.

त्याच्या वडिलांना यातलं काही ठाऊक नाही. "सांगू नकोस," असं त्याने मला बजावलं आहे. इथे लिहायला परवानगी आहे, फक्त टोपणनाव द्यायचं नाही. माझा मुलगा माझं लिखाण वाचत नाही, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत आहे. पण मुलाने रात्री दाराखालचा उजेड पाहून मला दोनदा विचारलंय, "हा इतका वेळ करतो काय गं?" मी म्हटलं, "त्यालाच विचार. आणि विचारलंस की उत्तर येईपर्यंत थांब." अजून विचारलेलं दिसत नाही.

कॅसेट पोस्टाने आल्या. तीसपैकी पाच त्याच्या वाट्याच्या, त्यातली एक माझी. मी पैसे देऊ केले तर घेईना. मग म्हटलं, इतर ऐकणारे देतात तसे मीही देणार. घेतले. आता आमच्या जुन्या प्लेअरचा पट्टा सैल झालाय आणि अंधारी बावीसऐवजी पंचवीस मिनिटं चालते. तो म्हणतो, दुरुस्त करू नकोस, असंच जास्त चांगलं वाटतंय.