साक्षीदाराचें घर

पोलिसी चित्रपटाकडे आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनहि थोड्या उपेक्षेनेंच पाहिलें जातें. पिस्तुलें, पाठलाग आणि शेवटीं दुष्टाचें पारिपत्य. यापलीकडे त्यांत काय असावयाचें, असा आपला समज! पीटर वेअर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा १९८५ सालचा 'विटनेस' हा चित्रपट त्या समजाला चांगलाच धक्का देतो.

आमिश पंथाचा एक लहान मुलगा विधवा आईबरोबर प्रवासाला निघालेला असतो. फिलाडेल्फियाच्या स्टेशनावर, स्वच्छतागृहांत, तो एक खून पाहतो. पोलीसकचेरींत त्याला संशयितांचीं छायाचित्रें दाखवितात. पण खुनी त्याला आढळतो तो कचेरींतल्याच काचेच्या कपाटांत, गौरवानें लावलेल्या एका कात्रणांत. खुनी स्वतःच पोलीस! मुलगा बोट दाखवितो, आणि तपासावरचा अधिकारी जॉन बुक तें बोट हळूच आपल्या मुठींत झांकून घेतो. परीक्षकाच्या सवयीप्रमाणें गुण द्यावयाचे झाल्यास या एका हालचालीला मी पैकीच्या पैकीं देईन. पुढें बुकचा वरिष्ठहि कटांतलाच निघतो, आणि घायाळ बुक त्या मायलेकरांना घेऊन त्यांच्याच खेड्यांत लपतो. हे लोक माणसावर शस्त्र उगारीत नाहींत. मोटार आणि वीजहि त्यांना वर्ज्य.

आपल्याकडे साक्षीदाराची काय अवस्था असते? तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील खर्डा येथें २०१४ सालीं एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि २०१७ सालीं सारे आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षीं महाराष्ट्रानें साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक योजना मान्य करून ती देशभर लागू केली. पोलिसांची सोबत, घरापाशीं कॅमेरे, बंद दाराआड सुनावणी, आणि धोका फारच मोठा असेल तर नवें नांव व नवें गांव, अशी तिची चढती भाजणी आहे. कागदावर तींत उणें काढावें असें फारसें नाहीं.

परंतु मुळशी तालुक्यांत, माले येथें, माझ्या मेहुण्यांच्या घरीं हा चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हां शेजारचे एक वृद्ध शेतकरी आमच्यांत येऊन बसले होते. भाचा त्यांना कथा समजावून सांगत होता. शेवटीं मारेकरी त्या खेड्यांत येऊन पोहोंचतात. मुलगा घंटा वाजवितो, आणि चहूंकडच्या शेतांतून निःशस्त्र शेजारी धांवत येऊन नुसते उभे राहतात. वरिष्ठाच्या हातांत बंदूक आहे. पण गोळ्या घालणार तरी किती जणांना? तो ती खालीं करतो. मी मोठ्या समाधानानें आजोबांकडे पाहिलें.

"घंटा वाजली तर मानसं येत्यात, सर," ते म्हणाले. "आमच्या हितंबी येतील. पर तारखेला कोन येतो?"

मग त्यांनीं आपली हकीगत सांगितली. बांधावरून झालेली मारामारी आठ जणांनीं पाहिली होती. पंचनाम्यावर यांचा अंगठा. खटला उभा राहिला तो कित्येक वर्षांनीं. तोंवर एकजण जमीन विकून पुण्यास गेला, दुसऱ्याचा मुलगा आरोपीच्याच हाताखालीं कामाला लागला. "मला काय आठवत न्हाई, असं सांगून आलो," ते म्हणाले. "पोलीस चार दिस दारात बसंल. बांध तर जन्माचा हाय."

पुणें शहर सरकत या बाजूस आल्यापासून येथील जमिनीचा भाव आणि तिच्यावरून होणारे तंटे दोन्ही कसे वाढले, हें प्रवीण तरडे यांच्या २०१८ सालच्या 'मुळशी पॅटर्न'नें सर्वांना दाखविलेंच आहे. नवें नांव देतां येईल. भाताचें खाचर कोठें हलविणार? आणि त्या चित्रपटांत मारेकरी बाहेरून आले होते, म्हणून गांव एक झाला. आजोबांचा आरोपी त्यांच्याच भावकींतला होता, आणि रोज सकाळीं त्याच विहिरीवर भेटत होता.

उठतांना त्यांनीं विचारलें, "मग त्या पोराची साक्ष झाली का?"

चित्रपटांत तें दाखविलेलें नाहीं.