खेकड्याचं बिऱ्हाड

आमच्या घरात समुद्र आहे, असं आमचा धाकटा पाहुण्यांना सांगतो. समुद्र म्हणजे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी. पाणी साधारण 190 लिटर. त्यात दोन जोकर मासे, चार-सहा गोगलगायी आणि रिकाम्या शंखात राहणारे खेकडे. दुकानदार त्यांना हर्मिट क्रॅब म्हणतो. अम्मी दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या. खेकडा म्हटलं की त्यांना वाटण आठवतं. टाकी आली त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही फुकट पकडून शिजवायचो. तुम्ही विकत आणून पोसताय. बरंय."

दुकानात आम्हाला जिवंत प्रवाळाचा तुकडाही दाखवण्यात आला, आतल्या खोलीत नेऊन. आपल्याकडे कठीण प्रवाळ 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आम्ही हात जोडले. आमच्या टाकीतले खडक भाजलेल्या मातीचे आहेत. त्यांच्यावर जिवाणू वाढले, पाण्यातला अमोनिया शून्यावर आला, याला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस आम्ही नुसतं पाणी बघत बसलो होतो. शेजारी हसले.

पहिलं गणित चुकलं ते मिठाचं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटायचं आणि आम्ही खारं पाणी करून भर घालायचो. समुद्राचं पाणी समुद्रासारखंच हवं ना! पण पाणी आटतं, मीठ आटत नाही. आटलेल्या पाण्याची जागा गोड्या पाण्यानेच भरायची असते. हे समजेपर्यंत काटा 1.025 वरून कुठल्या कुठे गेला होता आणि खेकडे एका कोपऱ्यात निपचित पडले होते. थोडं थोडं खारं पाणी काढून गोडं घालत चार दिवसांत ते मूळ जागी आणलं. तेव्हा निभावलं.

दुसऱ्या वेळी निभावलं नाही. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. दुकानातून औषध आणलं, बाटलीवर लिहिलं होतं तेवढे थेंब टाकले. मासे वाचले. दोन दिवसांत तिन्ही खेकडे गेले. औषधात तांबं होतं. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं ते तांबंच, पण पाण्यात विरघळलेलं तांबं थोडंसं जरी झालं तरी त्याच्यासाठी विष. शिवाय ते वाळूत आणि दगडांत मुरून बसतं आणि पुढे कितीतरी दिवस झिरपत राहतं. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवून औषध द्यायचं, ही साधी गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती, आणि आम्हीही विचारली नव्हती. अम्मी त्या दिवशी हसल्या नाहीत. "शिजवायचा असता तर गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या, "पाळायला आणलेला जीव अमानत असतो." आम्ही वाळू फेकली, दगड बदलले, पुन्हा सहा आठवडे पाणी बघत बसलो.

मग आला तो लाल पायांचा, पिवळ्या डोळ्यांचा. मूळचा कॅरिबियन समुद्रातला. पिशवीतून तसाच टाकीत सोडला नाही. भांड्यात ठेवून बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब त्याच्यावर सोडलं, दोन तास. एके सकाळी धाकट्याने हाक मारली. वाळूवर खेकडा मरून पडला होता. पाय, नांग्या, मिशा, सगळं जागच्या जागी. रडत रडत त्याने तो तुळशीशेजारच्या कुंडीत पुरला. रात्री दिवा लावला तर खेकडा दगडामागून बाहेर येत होता, पहिल्यापेक्षा जास्त लाल. पुरली होती ती कात. तेव्हापासून आम्ही आधी वास घेतो. मेलेल्या खेकड्याला दुर्गंधी येते, कातीला येत नाही. कात हलकी असते, पोकळ असते. ती टाकीतच राहू द्यायची, खेकडा तिच्यातला चुना पुन्हा खातो. आणि त्याला हात लावायचा नाही. नवं कवच टणक व्हायला दिवस लागतात, तोवर कुणीही त्याला खाऊ शकतं.

गेल्या वर्षी घरमालकाने अकरा महिन्यांचा करार पुढे वाढवला नाही. घर शोधणं काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. फोनवर रिकामा असलेला फ्लॅट आमची नावं ऐकली की कालच गेलेला असायचा. महिना संपत आला तेव्हा एक घर मिळालं, आधीच्यापेक्षा लहान. नेमक्या त्याच आठवड्यात लाल पायांच्याने खाणं सोडलं आणि तो दगडामागे जाऊन बसला. आता कात टाकणार, हे कळत होतं. समुद्रात सोडून द्या, असं कुणी सुचवलं. पण तो या समुद्रातला नाही, आणि टाकीतला रोग समुद्रात नेऊन सोडू नये. शेवटी ज्या दगडाला तो बिलगला होता तो दगडच बादलीत उतरवला. बॅटरीवरचा हवेचा पंप लावला. जुनं पाणी कॅनमध्ये भरलं, बाकीचे दगड ओले ठेवले, कारण ते सुकले तर जिवाणू मरतात. टेम्पोत आम्ही बादली मांडीवर घेऊन बसलो. कपाटाचा आरसा फुटला, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

नव्या घरात नऊ दिवस तो दिसला नाही. दहाव्या दिवशी दगडाजवळ कात सापडली. पुढे आठवड्याने तो बाहेर आला तेव्हा जुना शंख त्याला आखूड होत होता. अम्मी मध्यंतरी दाभोळला जाऊन आल्या होत्या. रुमालात चार शंख होते, गोल तोंडाचे. "जास्त नाही आणले," म्हणाल्या, "तिथल्यांनाही लागतात." उकळून, गार करून आम्ही ते वाळूवर मांडले.

रात्रभर तो एकेक शंख फिरवून बघत होता. नांगी आत घालून चाचपायचा, सोडायचा, पुन्हा यायचा. मग एका क्षणात जुन्यातून निघाला आणि नव्यात शिरला. मधल्या त्या क्षणी त्याचं मऊ, वळलेलं पोट उघडं दिसलं. धाकट्याने श्वास रोखून धरला होता.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात," अम्मी म्हणाल्या. "पण याला आत शिरताना नाव कुणी विचारत नाही."

आमचा करार पुढच्या मार्चमध्ये संपतो. मिठाच्या रिकाम्या बादल्या आम्ही धुऊन पलंगाखाली ठेवल्या आहेत.