एका व्हॉल्व्हचा रेडिओ

"मोबाइलवर जगातलं कुठलंही स्टेशन लागतं, मग हा उद्योग कशाला?" हे मला घरात आत्तापर्यंत तीनदा विचारून झालंय. पटेल असं उत्तर देता आलेलं नाही, तेव्हा इथे लिहून बघतो.

रेडिओ म्हणजे एक लाकडी फळी. तिच्यावर ईसीसी ८१ हा एकच व्हॉल्व्ह, जुना गँग कंडेन्सर, कॉइल, जुन्या रेडिओतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि हेडफोन. व्हॉल्व्ह पुण्याच्या तपकीर गल्लीत चार दुकानं पालथी घातल्यावर मिळाला. ३२ मिमीच्या पीव्हीसी पाइपवर २४ गेजच्या एनॅमल तारेचे १० वेढे चिकटून घेतले, की ४१, ३१ आणि २५ मीटर असे तीन बँड हाती येतात. शेजारीच त्याच पाइपवर आणखी ४ वेढे. सगळी गंमत या चार वेढ्यांत आहे.

व्हॉल्व्हने मोठा केलेला सिग्नल त्यांच्यातून पुन्हा मुख्य कॉइलमध्ये जातो, पुन्हा मोठा होतो, आणि हे चक्र चालू राहतं. (चक्र सुरूच झालं नाही, तर चार वेढ्यांची टोकं उलटी जोडायची!) एडविन आर्मस्ट्राँगला हे १९१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना सुचलं. पुढे ली डी फॉरेस्टने शोध आपला म्हणून वर्षानुवर्षं खटला लढवला, आणि १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याच बाजूने निकाल दिला. रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने मात्र आर्मस्ट्राँग पदक परत करायला गेला तरी ते घेतलं नाही. कारागिरांना कोर्टापेक्षा जास्त कळतं, असं आपलं माझं मत.

हा रेडिओ लावून ठेवायचा नसतो, धरून बसायचा असतो. चक्र कमी-जास्त करायचं एक बटण आहे. कमी केलं की स्टेशन कुजबुजतं, जास्त केलं की शिट्टी. शिट्टीच्या केसभर अलीकडे थांबायचं. स्टेशन बदललं की ती जागाही बदलते. हात जवळ नेला तरी स्टेशन सरकतं, म्हणून पुढे पत्रा लावून तो अर्थला जोडलाय. शिट्टीच्या थोडं पलीकडे गेलं, की हौशी रेडिओवाल्यांचे बदकासारखे आवाज एकदम माणसाचे होतात. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं होतं...

वीज मेनची नाही. ९ व्होल्टच्या १२ बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १०८ व्होल्ट, आणि फिलामेंटला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी. १०८ व्होल्टही चावतात, त्यामुळे चालू सेटमध्ये तपासताना एक हात खिशात ठेवायची जुनी रीत पाळतो.

बाबांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: "सिलोन लागतं का?" १९५२ साली मंत्री बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताला चाप बसला आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. बाबांचं बालपण त्यातच गेलं. मी ४१ मीटर लावून दिला. त्यांच्या माहितीतलं काहीच सापडेना. बीबीसी हिंदीही शॉर्टवेव्हवरून ३१ जानेवारी २०२० ला गेली. वरून एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांचा अखंड करकराट. बाबा काही बोलले नाहीत. हेडफोन ठेवून उठले.

मला ते लागलं, खोटं कशाला बोलू.

मग जूनमध्ये एका संध्याकाळी वादळ झालं आणि सगळ्या भागाची वीज गेली. फळीवरचा रेडिओ बॅटरीवर चालूच होता. कान लावला तर करकराट गायब! खाली नुसता समुद्रासारखा हलका आवाज, आणि त्यावर एकामागून एक स्टेशनं. चिनी निवेदन, कुठलं तरी अरबी पठण, मध्येच मोर्सचे टिंब-डॅश. बाबांना अंधारात हाताला धरून आणलं. बटण त्यांनीच हातात घेतलं. शिट्टीच्या अलीकडची ती जागा त्यांना माझ्यापेक्षा लवकर सापडते, बोटं अजून विसरलेली नाहीत. सिलोन नाही लागलं. तास-दीड तास ते न कळणारी भाषा ऐकत बसले होते.

दिवे आले आणि करकराट परत सुरू झाला. बाबांनी हेडफोन न काढताच विचारलं, "सोसायटीचा मेन स्विच कुठाय रे?"